एका हाताचं गाव

मानवजातीच्या इतिहासात निरक्षरतेचा समूळ नाश करणारं पहिलं गाव म्हणून करंजवणीचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल.

हे वाक्य करंजवणी सार्वजनिक वाचनालयाच्या दारावरच्या संगमरवरी फलकावर कोरलेलं आहे. अक्षरं सोनेरी रंगानं भरलेली आहेत, म्हणजे निदान तेवढा भाग खरा ठरला. फलकाचं अनावरण मंत्रिमहोदयांनी मोबाइलवरची कळ दाबून करायचं होतं. त्यांनी मोबाइल स्वीय सहायकाच्या हातात दिला आणि म्हणाले, "जरा बघ रे हे." पडदा सरकला. टाळ्या झाल्या.

साक्षरता म्हणजे अर्थातच डिजिटल साक्षरता. लिहिता-वाचता येणं ही जुनी गोष्ट; तिच्यावर आता दाखलाही मिळत नसे. कागदावरची सही कायद्यानं रद्द झाली होती. रेशन, सातबारा, जन्म, मृत्यू, दवाखान्यातली संमती, सगळं एका सरकारी ॲपवर आलं होतं, आणि ॲपवरचा माणूस तोच आहे हे ठरवण्यासाठी 'स्पर्शलय' आली होती.

स्पर्शलय ही कल्पना मोठी सुंदर आहे. पासवर्ड चोरीला जातात. ओटीपी लोक फोनवर गोड बोलून काढून घेतात. ठसे रबरावर उठवता येतात, आणि चेहरा नि आवाज तर यंत्रं हुबेहूब घडवतात. हे सगळं होऊन गेल्यावर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की माणसाजवळ एक गोष्ट अशी असते जी त्याची त्यालाच ठाऊक नसते, त्यामुळे ती तो कुणाला सांगूही शकत नाही. ती म्हणजे त्याच्या बोटांची लय. बोट पडद्यावर किती जोरात टेकतं, किती वेळ टिकतं, एका कळीवरून दुसरीकडे जाताना कुठे घुटमळतं, सरकताना किती थरथरतं. मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला हा व्यवहार प्रत्येकाचा निराळा. जिन्यातल्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखू येतं ना, तसंच. नागरिकानं पडद्यावर दिसणारे ठिपके बोटानं जोडायचे, एवढंच काम. बाकीचं यंत्रणा ओळखते.

ही यंत्रणा चालवणाऱ्या खात्याचं नाव होतं राज्य अस्मिता प्राधिकरण. नावातच अस्मिता असल्यामुळे त्याला विरोध करण्याची छाती कुणाला झाली नाही.

मग वाचनालयांना आदेश आला. ग्रंथालयं ही ज्ञानाची मंदिरं असल्यामुळे त्यांनी गावागावांत डिजिटल साक्षरतेचा प्रसार करावा. जी करणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करण्यात येईल. करंजवणीच्या वाचनालयात त्याप्रमाणे वर्तमानपत्रांचं टेबल जिन्याखाली गेलं आणि दिवाळी अंकांचं कपाट स्वच्छतागृहाच्या बोळात. मोकळ्या झालेल्या जागेत 'डिजिटल साक्षरता केंद्र' अशी पाटी आणि एक खुर्ची आली. खुर्चीवर ग्रंथपाल रूपाली चिंचोरे बसली. ग्रंथशास्त्राची पदवी घेतलेली, पन्नाशी ओलांडलेली, चष्मा केसांत खोचून तो दिवसभर शोधणारी बाई. केंद्रातला संपूर्ण कर्मचारीवर्ग म्हणजे तीच.

साक्षरता-प्रसार असा चाले:

"मॅडम, तेवढं करून द्या ना."

"काका, मी सांगते, तुम्ही दाबा. ते हिरवं दिसतंय ना?"

"हे?"

"ते नाही, त्याच्या खालचं... अहो, बंद झालं."

"बघा! म्हणून म्हणतो, तुम्हीच दाबा."

आणि मागून रांग ओरडे, "मॅडम, द्या की करून! त्यांना काय परीक्षेला बसायचंय का? आमची एसटी जाईल."

शिकवायला अर्धा तास लागे, करून द्यायला अर्धं मिनिट. लयनोंदीची, म्हणजे आपली लय यंत्रणेत पहिल्यांदा नोंदवण्याची, मुदत तोंडावर आली होती. तेव्हा लोक काउंटरवरून मोबाइल सरकवत आणि रूपाली भरत जाई: नाव, पत्ता, जन्मतारीख. शेवटी पडद्यावर ठिपके यायचे. ती तेही जोडून टाकायची. ठिपके जोडणं हीच खरी सही आहे हे एका मार्गदर्शक चित्रफितीत सांगितलेलं होतं. ती चित्रफीत करंजवणीत कधी उघडली नाही. नोंद झाल्यावर पुढचे दाखले, उतारे, अर्ज यांसाठीही लोक काउंटरवरच येत राहिले, आणि ठिपके तिच्याच बोटांनी जोडले जात राहिले.

वर्ष संपलं तेव्हा यंत्रणेनं गावोगावच्या वापराचं मोजमाप केलं. इतर गावांत लोक अडखळत होते, चुकत होते, मध्येच सोडून देत होते. करंजवणीत एक चूक नाही, एक घुटमळ नाही. शेतमजुरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची बोटं सराईत ग्रंथपालासारखी चालत होती. शंभर टक्के. कुणाला काय येतं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

फलक लागला आणि रोज त्याच्याखालून आत जायची वेळ रूपालीवर आली. चार-पाच आठवड्यांत ती वैतागली. वर लिहिलंय ते थोडं तरी खरं असावं म्हणून तिनं दर गुरुवारी दुपारी खराखुरा वर्ग सुरू केला. नियम एकच: मोबाइल ज्याचा, बोट त्याचं. पहिल्या गुरुवारी दहा-बाराजण आले, दुसऱ्याला तेवढेच टिकले, आणि चार महिन्यांच्या सरावात सगळ्यांच्या पुढे गेली इंदूमावशी. खरे ठिपके मात्र अजून कुणी जोडले नव्हते.

इंदुमती शेलार. जन्मभर गावाचे ब्लाउज शिवलेली, सत्तरीची, वाचनालयाची सर्वांत जुनी सभासद. आठवड्याला दोन कादंबऱ्या वाचायची आणि परत करताना नायकाच्या अकलेवर अभिप्राय द्यायची. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं गेली होती. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडून मरत येते. गेलेली परत आणता येत नाही, राहिलेली तेवढी वाचवता येते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात ठरलं होतं. त्यासाठी तिनं ॲपवरून संमती देणं बाकी होतं. ती तिनं मुद्दाम राखून ठेवली होती. गुरुवारच्या वर्गात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या बोटानं द्यायची म्हणून.

तिनं दिली. कुठे अडली नाही. सुईत दोरा ओवल्यासारखे ठिपके जोडले आणि विजयी मुद्रेनं मोबाइल रूपालीपुढे धरला. "वाच. मला बारीक दिसत नाही."

रूपालीनं मनात वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अगं वाच की!"

"'आपण इंदुमती शेलार नाही. अनधिकृत वापराची नोंद घेण्यात आली आहे.'"

वर्गातल्यांनी माना वर केल्या.

"मी नाही?" मावशी म्हणाली. "मग कोण आहे म्हणे मी? तेवढं तरी सांग म्हणावं त्याला."

तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग वर्गातल्या बाकीच्यांनी आपापले मोबाइल काढले. जो तो स्वतःच्या बोटानं ठिपके जोडून पाहत होता आणि जो तो तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयासमोर सरकारी गाडी थांबली. उतरले डॉ. समीहन तळेकर. स्पर्शलयीचं गणित ज्यांनी मांडलं त्या तिघांपैकी एक; चाळिशीचे, अंगात प्रवासाला सोयीचं जाकीट. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता. इंदूमावशी सकाळपासून काउंटरसमोरच्या बाकावर बसून होती. तिला वाटलं, दवाखान्याचा माणूस आला.

"चिंचोरे मॅडम? तुमच्या गावानं माझी झोप उडवली आहे," तळेकर म्हणाले आणि पुष्पगुच्छ देऊन त्यांनी काउंटरवर टॅबलेट उघडला. "हे बघा. प्रत्येक नागरिकाच्या लयीचा एक ठिपका. हे तुमच्या शेजारचं गाव."

पडद्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके विखुरले होते.

"आणि हे करंजवणी."

पडद्याच्या मधोमध एकच ठिपका होता.

"बाकीचे कुठे गेले?" रूपालीनं विचारलं.

"तेच तर! सगळे तिथेच आहेत. एकावर एक. चार-साडेचार हजार माणसांच्या मज्जासंस्था अगदी एकसारख्या. जगात असं कुठे सापडलेलं नाही. एकच पाणी, एकच अन्न, पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात लग्नं... मी याला नाव दिलंय 'सामूहिक लय'. निबंध तयार आहे, पुढच्या महिन्यात परदेशात वाचायचाय. पण काल दुपारी त्या ठिपक्याच्या आजूबाजूला हे दहा-बारा ठिपके उगवले. गावात बाहेरची टोळी घुसलीय. लोकांचे मोबाइल वापरतायत."

"टोळी नाही हो," बाकावरून मावशी म्हणाली, "आम्हीच ते. गुरुवारचा वर्ग."

तळेकरांना समजलं नाही. रूपालीला समजलं होतं. काल रात्रभर ती तेच समजून घेत बसली होती. तिनं न विचारता टॅबलेट स्वतःकडे ओढला, चाचणीचे ठिपके पडद्यावर आणले आणि सवयीच्या वेगानं जोडले. पडद्यावर एक नवी खूण आली आणि सरकत जाऊन मधल्या ठिपक्यावर नेमकी बसली.

"तो ठिपका मी आहे," ती म्हणाली.

तळेकर खुर्चीत बसले. त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं, मग रूपालीच्या हाताकडे, मग पुन्हा टॅबलेटकडे.

"म्हणजे... सगळ्यांची लयनोंद..."

"मी केली."

"सगळ्यांची?"

"रांग होती, डॉक्टर."

मावशीला त्यांची दया आली. "मग तो निबंध बोंबलला का हो तुमचा?"

रूपाली म्हणाली, "चूक झाली, मान्य. आता दुरुस्त करा. यंत्रणा तुम्हीच बनवलीत ना? या मावशींची खरी लय घ्या आणि माझी काढा. इथेच बसल्यात त्या. अख्खं गाव ओळखतं."

"लय बदलायची तर जुन्या लयीनं संमती द्यावी लागते."

"म्हणजे मी देते. देऊ?"

"तुम्ही जुन्या लयीनं संमती दिलीत आणि पाठोपाठ यांनी नवी लय नोंदवली, की यंत्रणेला दिसेल एका माणसाचं खातं दुसरा घेतोय. त्याला आम्ही लयचोरी म्हणतो. ते ओळखायलाच तर ती बनवली आहे."

"एखाद्याचा हात मोडला तर?" मावशीनं विचारलं. "त्याचं काय करता?"

"त्यासाठी दवाखान्याचा दाखला जोडता येतो."

"आणि तो दाखला काढायला?"

"लय लागते," तळेकर हळू आवाजात म्हणाले. हा मुद्दा त्यांच्याही लक्षात आजच आला होता.

"बरं, मी सगळं खरं लिहून दिलं तर?" रूपालीनं विचारलं.

"तर तुमची लय चोराची ठरेल. चोराची लय यंत्रणा कायमची बाद करते. त्याच क्षणी त्या ठिपक्यावरची सगळी माणसं बाद. रेशन नाही, दवाखाना नाही, जमीन नाही. मेल्याचा दाखलासुद्धा नाही."

"आणि गप्प बसले तर?"

"तर सगळं सुरळीत. फक्त..." त्यांनी शब्द शोधला. "फक्त कुणी शिकायचं नाही."

रूपालीचा आवाज चढला. वाचनालयात आवाज चढवणाऱ्यांवर ओरडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता जिन्याखालच्या टेबलावरचे वाचक वर्तमानपत्रं खाली करून बघायला लागले. "डॉक्टर, मी ग्रंथपाल आहे. पोस्टर लावून, हात जोडून, घरोघर जाऊन मी लोकांना 'शिका' म्हणत आले. आणि आता त्यांना सांगू, शिकलात तर तुम्ही तुम्ही राहणार नाही? अडाणी राहिलात तरच सरकार ओळखेल? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"गणितात चूक नाही," तळेकर म्हणाले. "आम्ही एवढंच गृहीत धरलं होतं की ज्याचा मोबाइल, बोट त्याचंच असणार."

"या राज्यात राहता ना तुम्ही?"

तळेकर तसे भले होते. त्यांनी तिथूनच प्राधिकरणाच्या सचिवांना फोन लावला, आणि दोघींनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सगळं सविस्तर सांगितलं. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तळेकर, करंजवणी शंभर टक्के, हा आकडा सभागृहात वाचला गेलाय. तो इतिवृत्तात आहे."

"हो सर, पण लोक प्रत्यक्षात साक्षर नाहीत."

"लोक साक्षर नसते तर आकडा आला असता का?"

तळेकर गणिताचे होते. या युक्तिवादात कुठे बोट ठेवावं ते त्यांना कळेना.

"दुसरं," सचिव पुढे म्हणाले, "तो गुरुवारचा वर्ग काय प्रकार आहे? गाव साक्षर घोषित झालंय. साक्षरांना साक्षर करण्यावर अनुदान खर्च करणं ही गंभीर अनियमितता आहे. आजच बंद करायला सांगा. आणि त्या मॅडमना म्हणावं, चांगलं काम चाललंय, तसंच चालू ठेवा. त्यांची बदली वगैरे होत नाही ना?"

"वाचनालय संस्थेचं आहे सर. बदली नसते."

"उत्तम," सचिव म्हणाले आणि फोन ठेवला.

मग रूपालीनं काउंटरवरून हात पुढे केला. "मावशी, मोबाइल द्या. उद्या संध्याकाळपर्यंत संमती गेली नाही तर सोमवारची वेळ दुसऱ्याला देतील."

"नाही द्यायचा."

"मावशी!"

"माझा डोळा, माझं बोट. अख्ख्या गावाचे ब्लाउज शिवले मी, पण एकीच्या मापाचं दुसरीला घातलं नाही. आता म्हातारपणी मी तुझ्या मापात बसू? चार महिने मान मोडून शिकले ते कशाला?"

"डोळा गेला तर वाचणार काय?"

"तू वाचून दाखव. नाहीतरी माझं सगळं तूच करतेस."

हे रूपालीला लागलं. ती उसळून म्हणाली, "मग बसा आंधळ्या होऊन माझ्यावर रुसून! रुसायला पण डोळे लागतात, मावशी. मी कुठल्या बाजूला बसलेय तेवढं तरी दिसावं लागतं."

मावशी हसली नाही. ती तळेकरांकडे वळली. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. एक सांगा. हिनं दाबलं तर ते खोटं ना?"

"हो. खोटं."

"आणि मी दाबलं तर खरं?"

"खरं."

"आणि चालतं कुठलं?"

तळेकर फरशीकडे बघत राहिले. वाचनालयाची फरशी जुनी, घोटीव आणि बघण्यासारखी आहे, पण एवढा वेळ नाही.

शेवटी मावशी उठली. बाकापासून काउंटरपर्यंत हात चाचपत आली आणि मोबाइल सरकवला. तसाच, जसा पहिल्या दिवशी सरकवला होता. "घे. तूच हो इंदुमती. माझ्या बऱ्याच कादंबऱ्या वाचून व्हायच्यात अजून."

रूपालीनं ठिपके जोडले. कुणी पासवर्ड टाकताना सभ्य माणसं मान फिरवतात, तशी मावशीनं मान फिरवली. पडद्यावर आलं: 'धन्यवाद, इंदुमती शेलार. आपली ओळख पटली आहे.'

"काय म्हणतंय?"

"ओळख पटली म्हणतंय."

"कुणाची?" मावशी म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडली.

सोमवारी ऑपरेशन झालं, नीट झालं. पंधरवड्यानं मावशी कादंबरी बदलायला आली, पण वाचनालयाच्या दारात तिनं मोबाइल पुन्हा कधी पिशवीतून काढला नाही. काही लागलं तर पिशवीच काउंटरवर ठेवायची आणि दिवाळी अंकांच्या कपाटाशी जाऊन उभी राहायची.

गुरुवारचा वर्ग बंद झाला. वर्गातल्यांनी सरकारी कामासाठी स्वतःचा मोबाइल हाताळू नये, अशी तोंडी समज देण्यात आली. पुन्हा कुणी चुकून शिकू नये म्हणून डिजिटल साक्षरता केंद्राच्या पाटीखाली दुसरी पाटी लागली: 'वाचकांनी कृपया स्वतः काही दाबू नये.' डॉ. तळेकरांनी परदेशात 'सामूहिक लय' हा निबंध वाचला. निष्कर्ष बदलायला वेळ कमी पडला. त्याचं कौतुक झालं. करंजवणीची पद्धत बघायला आसपासच्या वाचनालयांचे ग्रंथपाल येऊन गेले, आणि वर्षभरात आणखी सात गावं शंभर टक्के साक्षर झाली. त्या प्रत्येक गावाचाही पडद्यावर एकच ठिपका आहे.

मतदान ॲपवरून होणार असं जाहीर झालं, तेव्हा तिन्ही पक्षांचे कार्यकर्ते लगबगीनं वाचनालयाचे सभासद झाले. रूपालीला कुणी कमी-जास्त बोलत नाही. रस्ता ओलांडताना लोक तिच्यासाठी वाहनं थांबवतात. सरपंचांनी तिच्या घराच्या जिन्याला कठडा बसवून दिला. कायद्याच्या दृष्टीनं करंजवणीत एक बाई राहते आणि तिची चार-साडेचार हजार नावं आहेत, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

गेल्या महिन्यापासून सकाळी उठल्यावर रूपालीचं ठिपके जोडणारं बोट आखडतं. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, या वयात होतो.